आबांच्या कॅसेटी आणि भिंतीवरचा नवा टीव्ही

धुळे जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळून मजकूर थोडक्यात देते.

पुण्याच्या दिरांनी गणपतीत घरी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. जुना डबा टीव्ही एक्स्चेंजमध्ये गेला. त्या डब्याला सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, व्हीसीपी (व्हिडिओ कॅसेट चालवायची मशीन) जोडलेला असायचा. नव्या टीव्हीच्या मागे लाल-पांढरी-पिवळी पिन बसेल अशी जागाच दिसत नाही. आबांकडे पाच कॅसेटी आहेत: धाकट्या नणंदेच्या १९९४ सालच्या लग्नाच्या दोन, कानबाईच्या रोटांची, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या सणाची, एक, गावच्या कुस्त्यांच्या दंगलीची एक, आणि एक विकत घेतलेला सिनेमा. लग्नाच्या कॅसेटीत सासूबाई हळदीला बायकांबरोबर अहिराणी गाणी म्हणतायत. त्या आता नाहीत. आबा रोज विचारतात, ‘मशीन कव्हय (कधी) जोडशी?’ यजमान म्हणतात, जुनी मशीन लावली तर नवा टीव्ही जळेल. दीर म्हणतात, मशीन भंगारात द्या आणि सगळं पेनड्राइव्हवर करून घ्या. धुळ्याच्या एका स्टुडिओवाल्यानं कॅसेटी पंधरा दिवस ठेवायला मागितल्या, पण आबा त्या घराबाहेर जाऊ देत नाहीत. ताईंचा प्रश्न असा: ‘आबा मंदिरात गेले की कॅसेटी गुपचूप धुळ्याला पाठवून देऊ का? की म्हातारपणचा हट्ट म्हणून विषय सोडून देऊ?’

ताई,

गुपचूप पाठवायचा विचार आधी मनातून काढून टाका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला पत्रातून कळतंय. पण आबांनी कपाट उघडलं आणि कॅसेटी जागेवर नसल्या, तर त्या परत येईपर्यंतचे दिवस त्यांना फार जड जातील. पुढे पेनड्राइव्ह हातात ठेवलात तरी तो विश्वास परत यायचा नाही.

आणि याला हट्ट म्हणण्याआधी थोडा हिशेब करू. कॅसेटची कॉपी करायची तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावीच लागते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, त्याहून लवकर ते काम होत नाही. पाचही कॅसेटी तीन-तीन तासांच्या धरल्या तरी मशीन एकूण पंधरा तास चालेल. मग पंधरा दिवस कशाला? बाकीचा सगळा वेळ त्या कॅसेटी दुकानाच्या फळीवर इतरांच्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात पडून राहणार. तिथे अदलाबदल झाली, एखादी खाली पडली, तर भरून कोण देणार? आबांना हे तुमच्याशी वाद घालून मांडता आलं नसेल, पण त्यांची भीती अगदी रास्त आहे.

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या अडचणी एकात मिसळल्या आहेत. मशीन टीव्हीला जोडणं ही पहिली, आणि ती सगळ्यात सोपी. दुसरी अडचण मशीनच्या तब्येतीची. तिसरी कॅसेटच्या तब्येतीची. पहिल्या दोन ठिकाणी चुकलं तर पुन्हा करता येतं. कॅसेट एकदा फाटली की फाटली. तुमच्या घरात सगळी चर्चा टीव्हीभोवती चाललीय आणि कॅसेटकडे कोणी नीट पाहिलेलं नाही, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

तरी जे विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. यजमानांना सांगा, टीव्ही जळणार नाही. व्हीसीपीच्या पिवळ्या पिनमधून येणारा चित्राचा सिग्नल जेमतेम एक व्होल्टचा असतो. त्यानं नव्या टीव्हीचं काही बिघडत नाही. वायर लावताना टीव्ही आणि मशीन दोन्हींचे प्लग बोर्डातून काढून ठेवायचे, एवढी काळजी मात्र घ्या, कारण जुन्या मशीनच्या पत्र्याला कधीकधी बारीक करंट येतो.

आता टीव्हीची मागची बाजू. तो भिंतीवर टांगलेला आहे, त्यामुळे मागचं नीट दिसलं नसणार. मोबाइल मागे सरकवून फ्लॅश लावून दोन-चार फोटो काढा, कडेचेही काढा. बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगांची भोकं नसतात, पण ‘एव्ही इन’ असं लिहिलेलं, हेडफोनच्या पिनएवढं एक बारीक भोक असतं. त्यासाठी एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी भोकं अशी वीतभर वायर मिळते. टीव्हीचं खोकं अजून माळ्यावर असेल तर आधी त्यात बघा, थर्माकोलच्या खाचेत अशी वायर राहून गेलेली असू शकते. बाजारातून आणायची झाली तर तुमच्याच टीव्हीला चालणारी मागा, कारण त्या बारीक पिनवरच्या कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. चित्र आलं नाही आणि आवाजात नुसती घूं-घूं आली, तर पिवळी पिन लालच्या किंवा पांढऱ्याच्या जागी लावून बघा. त्यात नुकसान काही नाही. तरीही जमलं नाही तर ती वायर तुमच्या टीव्हीची नाही. शेजारीच हेडफोनचं भोकही असतं, त्यात घालू नका.

काही टीव्हींना हिरवं, निळं, लाल अशी भोकं असतात, आणि हिरव्याजवळ ‘व्हिडिओ’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे पिवळी पिन हिरव्या भोकात जाते. चित्र आलं पण काळं-पांढरं आलं, तर टीव्हीच्या मेनूत ‘कंपोनंट’ निवडलं गेलंय. तिथे ‘एव्ही’ निवडा, रंग येईल. पांढरी पिन आवाजाची. तुमच्या व्हीसीपीला आवाजाचं एकच भोक असेल तर ती मोनो मशीन आहे, एका बाजूनं आवाज आला म्हणून घाबरू नका.

अँटेनाच्या वाटेनंही जाता येतं. मशीनच्या मागे ‘आरएफ आउट’ असतं, त्यातून वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घालायची आणि चॅनेल शोधताना ‘ॲनालॉग’ हा पर्याय दिसला तर तो चालवायचा. बऱ्याच मशीन युएचएफच्या ३६ नंबरच्या आसपास सापडतात. पण या वाटेनं चित्र पिवळ्या पिनपेक्षा मळकट येतं, म्हणून दुसरं काहीच नसेल तेव्हाच.

यातलं एकही नसेल, फक्त एचडीएमआयची चपटी भोकं असतील, तर कन्व्हर्टर लागतो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते, काही शे रुपयांना मिळते. दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्या असतात आणि गफलत तिथेच होते. तुम्हाला ‘एव्ही टू एचडीएमआय’ हवी. ‘एचडीएमआय टू एव्ही’ ही बरोबर उलट्या कामाची असते, ती काही उपयोगाची नाही. डबीवर तीन रंगांच्या भोकांच्या बाजूला ‘इनपुट’ लिहिलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. तिला मोबाइलच्या चार्जरसारखा पाच व्होल्टचा पुरवठा लागतो. बारीक खटका ‘पॅल’ आणि ‘एनटीएससी’ (चित्राच्या सिग्नलच्या दोन पद्धती) असा असेल तर पॅलवर ठेवा, आपल्याकडच्या कॅसेटी पॅल असतात.

या डबीचा एक दोष आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही मशीनला दोष देणार नाही. कॅसेटचं चित्र मुळातच थोडं थरथरतं. डबा टीव्ही ते थरथरणं सांभाळून घ्यायचा. डिजिटल यंत्राला सिग्नल ठरलेल्या वेळी ठरलेला हवा असतो, थोडा डळमळला की ते सरळ निळा पडदा दाखवतं किंवा ‘नो सिग्नल’ लिहितं. कॅसेट जुन्या टीव्हीवर चालत होती आणि नव्यावर मधूनमधून निळी होते, याचा अर्थ कॅसेट मेली असा लगेच काढू नका. मशीनवरचं ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवून बघा. विकतच्या सिनेमाची कॅसेट असं करत असेल तर तिच्यात कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम भरलेला सिग्नल असू शकतो. तुमच्या लग्नाच्या कॅसेटीत तो नसणार. त्या सिनेमासाठी मशीन झिजवू नका, तो आज मोबाइलवरही सापडेल.

चित्राबद्दल आबांना आधी थोडं सांगून ठेवा. व्हीएचएसची, म्हणजे तुमच्याकडे आहे त्या जातीची, कॅसेट १९७६ साली जपानमध्ये जेव्हीसी कंपनीनं आणली. तिच्यात आडव्या दिशेनं साधारण २४० रेषांएवढाच तपशील मावतो. तुमच्या नव्या पडद्यावर आडवे १९२० ठिपके असतील, फोर-के असेल तर ३८४०. २१ इंची डब्यावर जे चित्र छान दिसायचं ते ४३ इंचांवर पसरून मऊ, धुरकट दिसेल. खुर्ची थोडी मागे घ्या. मेनूत चित्राचा आकार ‘४:३’ ठेवा, नाहीतर सगळं वऱ्हाड आडवं पसरलेलं दिसतं. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. शार्पनेस वाढवू नका, त्यानं चेहऱ्यांपेक्षा मुंग्याच जास्त उठून दिसतात.

पण हे सगळं जमलं तरी लग्नाची कॅसेट लगेच मशीनमध्ये घालू नका. ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे.

गणपतीपासून मशीन बंद आहे, आणि त्याआधीही ती रोज चालत होती असं पत्रातून वाटत नाही. आत रबराचे पट्टे असतात, ते वर्षानुवर्षांनी सैल पडतात किंवा चिकट होतात. टेप ओढणारा रबरी रोलर कडक होतो. मग मशीन कॅसेट घेते, टेप बाहेर ओढते, पण गुंडाळणारं चाक फिरत नाही, आणि टेपचा गुंता आत पडतो. म्हणून पहिली कॅसेट सिनेमाची घाला. थोडं चालवा, पुढे न्या, मागे आणा, बाहेर काढा. टेपला चुणी नाही, कड दुमडलेली नाही, करपल्याचा वास नाही, असं असेल तरच पुढची पायरी.

चित्रात बर्फासारखे ठिपके असतील आणि आवाज मात्र स्वच्छ येत असेल, तर हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, मळलेलं असतं. पूर्वी कोरी नोट लावून हेड घासायची पद्धत होती. कृपा करून ते करू नका, घरात कोणी हौसेनं करू लागलं तरी थांबवा. आतला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्यावरचं हेड केसासारखं नाजूक असतं. कापसाचा धागा अडकला किंवा बोट उभं फिरलं तरी ते तुटतं. हे काम आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचं आहे, आणि ते जाणत्या मेकॅनिकच्या हातूनच व्हावं. पट्टेही तोच बदलेल. धुळे, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा अशा गावांत टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकानं अजून आहेत. ज्यांच्या टेबलावर टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर उघडलेले दिसतात त्यांना विचारा. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे हे नेऊ नका. नवी मशीन घेऊ म्हणाल तर तीही वाट बंद झालीय. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६मध्ये व्हीएचएस मशीन बनवणं थांबवलं, तेव्हापासून जुन्या मशीनच हातोहात फिरतायत. म्हणून दिरांना सांगा, भंगाराचं नाव सध्या काढू नका. त्यांना कॉपी हवी आहे आणि कॉपी याच मशीनमधून निघणार आहे.

आता कॅसेट. दिवसाउजेडी प्रत्येक कॅसेटच्या खिडकीतून आतलं रीळ बघा. ते काळं, गुळगुळीत, एकसारखं दिसलं पाहिजे. त्यावर पांढरी पूड, जाळी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये अजिबात घालायची नाही. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. ती वेगळ्या पिशवीत घालून ठेवा, तिची साफसफाई जाणकाराकडूनच करायची. आपल्या भागात कोकणासारखी ओल नसते हे आपलं नशीब. पण उन्हाळा आपल्याला सोडत नाही. पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल, याचा विचार करा. त्या उष्णतेनं टेप ताणते, कड वाकते, थर एकमेकांना चिकटतात. आबांच्या कॅसेटी कुठे असतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. माळ्यावर असतील तर आजच खाली आणा. खालच्या खोलीत, भिंतीला न चिकटलेल्या कपाटात, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो. तो शाबूत असेल तर मोडून टाका. तुमची व्हीसीपी रेकॉर्डिंग करत नाही, पण उद्या दुसऱ्याच्या व्हीसीआरमध्ये कॅसेट गेली आणि भलतं बटण दाबलं गेलं, तर त्या मोडलेल्या तुकड्यामुळे लग्न पुसलं जाणार नाही.

हे एवढं का सांगते? कारण ही टेप प्रत्येक वेळी चालवताना थोडी झिजते, आणि पॉज केली की जास्त झिजते, कारण फिरणारं हेड त्याच जागी घासत राहतं. आणि लग्नाची कॅसेट कोणी पॉज न करता बघतं का? ‘थांब थांब, ही कोण?’ हे तर होणारच. आबांना तर नेमकं तेच हवं असणार. म्हणून माझं म्हणणं असं की नव्या टीव्हीवर ती कॅसेट पहिल्यांदा लागेल तेव्हाच तिची कॉपीही व्हावी. नंतर कॉपीवर आबांनी शंभरदा थांबवावं, मागे न्यावं, सासूबाईंचं गाणं पुन्हा पुन्हा लावावं. कॅसेटला त्याची काही झळ पोहोचणार नाही.

यासाठी खरेदीचाही विचार बदलावा लागेल. मुलाकडे कॉलेजचा लॅपटॉप असेल तर कन्व्हर्टर घेण्याआधी थांबा. ‘यूएसबी व्हिडिओ कॅप्चर’ नावाची वायर मिळते. एका टोकाला लाल-पांढरी-पिवळी भोकं, दुसऱ्या टोकाला यूएसबी. तिची साधी जात कन्व्हर्टरच्याच किमतीच्या आसपास मिळते. मशीनची वायर तिच्यात, ती लॅपटॉपला, आणि लॅपटॉप साध्या एचडीएमआय केबलनं टीव्हीला. आबा समोर बसून टीव्हीवर लग्न बघतील आणि त्याच वेळी लॅपटॉपवर ते रेकॉर्ड होत राहील. कन्व्हर्टर लागलाच नाही. ‘ओबीएस स्टुडिओ’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम या कामाला चालतो. मुलाला सांगा, पॅल निवड, चित्र ७२० बाय ५७६ ठेव, सेकंदाला २५ फ्रेम. आधी सिनेमाच्या कॅसेटवर (ती निळी होत असेल तर कुस्त्यांच्या) दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्ड करून ओठ आणि आवाज जुळतात का ते बघायचं. स्वस्त वायरींमध्ये आवाज हळूहळू मागे-पुढे सरकतो, तीन तासांनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. दरम्यान लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग करा, आणि लाइट जाण्याची वेळ टाळा. लॅपटॉपला बॅटरी आहे, मशीनला नाही.

मोबाइल टीव्हीसमोर धरून शूट करायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. पडदा त्यात लहरतो आणि खोलीतला सगळा आवाज आत येतो. कॅसेट आत्ता तुटेल अशी अवस्था असेल आणि हाताशी दुसरं काहीच नसेल, तर तेही करा, निदान गाणी तरी राहतील. एरवी नको.

घरी जमणारं नसेल तर स्टुडिओ आहेच, पण अटी तुमच्या. एका वेळी एकच कॅसेट, सकाळी द्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, हे त्यांना शक्य आहे, हिशेब वर केलाच. पहिली कुस्त्यांची द्या, तिचं काम बघा, मग लग्नाची. शक्य असेल तर आबांनाच बरोबर न्या, दुकानात खुर्ची मागून बसू द्या. स्टुडिओवाल्याला सांगा की फक्त डीव्हीडी नको, फाइल हवी, आणि काहीही कापू नका. निळा पडदा, हलता कॅमेरा, जेवणाच्या पंगतीतलं लांबलचक शूटिंग, सगळं ठेवा. पंगतीत वाढणारी माणसं नंतर सगळ्यात जास्त ओळखीची निघतात. आणि नवं संगीत तर बिलकूल घालू देऊ नका. त्या काळचे शूटिंगवाले मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढवायचे. तुमच्याकडे हळदीची गाणी मूळ आवाजात वाचली आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. चित्र धुरकट झालं तरी चालेल, तो आवाज जपा. अहिराणीतली हळदीची, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायका एकेक करून जातायत, आणि पुष्कळ गाणी कुठे लिहिलेलीच नाहीत.

कॉपी झाली की एक दुपार आबांसाठी मोकळी ठेवा. टीव्हीवर फाइल लावा, आणि जवळ मोबाइल ठेवून आबांचा आवाज रेकॉर्ड करा. प्रत्येक चेहऱ्यावर थांबवा आणि विचारा, हा कोण, कुणाचा, आता कुठे असतो. ही बाई कुठल्या गावची? हे गाणं कुणी सुरू केलं? ती नावं कॅसेटमध्ये कुठेच नाहीत. ती फक्त आबांकडे आहेत आणि नणंदबाईंकडे थोडी असतील. मुलाला वहीत वेळ आणि नाव लिहायला बसवा. पत्रात तुम्ही याचा उल्लेख केलेला नाही, पण मला वाटतं, आबांना मशीन जोडून हवी आहे ती बरीचशी या गप्पांसाठी. नव्या टीव्हीचा रिमोट त्यांना परका आहे. व्हीसीपीवर त्यांचा हात बसलेला आहे. पेनड्राइव्ह लावला की फाइल शोधायला तुम्हाला किंवा मुलाला हाक मारावी लागणार, याचीही त्यांना धास्ती असेल. म्हणून फाइलींना मराठीत सरळ नावं द्या, ‘हळद’, ‘लग्न’, ‘कानबाई’, ‘कुस्त्या’, आणि कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते मोठ्या अक्षरात लिहून रिमोटच्या मागे चिकटवा. चार दिवस त्यांच्याच हातानं लावू द्या.

पेनड्राइव्हबद्दल दिरांचाही एक समज दुरुस्त करायला हवा. पेनड्राइव्ह बघायला चांगला, सांभाळून ठेवायला कच्चा. तो हरवतो, आणि नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी दगा देऊ शकतो. सेकंदाला ५ मेगाबिट या दरानं साठवलं तर तासाभराच्या चित्राला साधारण सव्वादोन जीबी लागतात, म्हणजे पाचही कॅसेटी ३५ जीबीच्या आत बसतील. त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर तुमच्या घरी, एक प्रत पुण्याला दिरांकडे. दोन गावांत दोन प्रती असल्या की एका घरात काही झालं तरी दुसरीकडे राहतात. दिरांना ही जबाबदारी द्याच, त्यांना आनंद होईल. टीव्हीसाठीच्या पेनड्राइव्हवर तीन तासांची अख्खी फाइल जात नसेल तर तो ‘फॅट ३२’ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. फाइलीचे दीड-दीड तासाचे तुकडे करा.

यूट्यूबवर टाकायची घाई करू नका. त्या लग्नातली पोरं-पोरी आज पन्नाशीला आलीत, त्यांना विचारायला हवं. शिवाय कुठे मागे सिनेमाचं गाणं वाजत असेल तर त्या गाण्याच्या हक्कावरून व्हिडिओ अडवला जातो. घरच्या ग्रुपवर तुकडे पाठवा, पण व्हॉट्सॲपवरून गेलेला व्हिडिओ आकुंचन पावलेला असतो, त्यालाच मूळ प्रत समजून मोठी फाइल पुसू नका.

व्हीसीपी कॉपी झाल्यावरही आबांच्या खोलीतच राहू दे. फाइली पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून खात्री होईपर्यंत कॅसेटी तर टाकायच्याच नाहीत, आणि नंतरही टाकू नका. दहा-बारा वर्षांनी याहून चांगली कॉपी काढणारं कोणी भेटलं, तर मूळ टेप हाताशी असावी.

आणि आज संध्याकाळी नणंदबाईंना एक फोन करा. त्या काळी शूटिंगवाले बरेचदा वराकडच्यांनाही एक कॅसेट देत. त्यांच्या सासरी अशी कॅसेट असेल तर तिच्यावरचं लेबल विचारा, ती कुठे ठेवली आहे ते विचारा, आणि कोणी ती मशीनमध्ये घालून बघण्याआधी वरचं सगळं त्यांना सांगा. दोन्हीकडची सापडली तर दोन्हींची कॉपी करा. एकीत जिथे चित्र फाटतं तिथे दुसरीत ते साफ असू शकतं.